आचाऱ्यांचे आचार्य

रविवारी सकाळी मिसळ खाऊन आलो की मी थोडा वेळ एका ओपन सोर्स (म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेल्या) प्रोजेक्टचे बग रिपोर्ट चाळत बसतो. कोड मी लिहीत नाही, पैसेही मिळत नाहीत. काम एवढंच की काय काय बिघडलंय म्हणून लोकांनी लिहिलंय ते वाचायचं, माझ्या मशीनवर तसं होतंय का करून बघायचं, झालं तर खाली ‘हो, होतंय’ लिहायचं आणि नाही झालं तर विचारायचं की बाबा, तू नक्की काय केलंस. ट्रायाज म्हणतात याला. बायको लष्कराच्या भाकऱ्या म्हणते.

या भाकऱ्या भाजताना सगळ्यात जास्त भेटणारा रिपोर्ट असा: ‘पीडीएफ नॉट वर्किंग. व्हेरी अर्जंट. काइंडली डू द नीडफुल. थँक्स इन ॲडव्हान्स.’ संपलं. आता यात काइंडली आहे, थँक्स आहे, शिव्या नाहीत, म्हणजे शाळेत शिकवलेल्या हिशेबाने माणूस सभ्यच म्हणायचा. तरी मला हा रिपोर्ट उद्धट वाटतो. कारण व्हर्जन कुठलं, विंडोज की लिनक्स, पीडीएफ बनतच नाही की बनते पण उघडत नाही की उघडते पण कोरी दिसते, हे सगळं शोधायचं काम त्याने अलगद समोरच्याच्या गळ्यात घातलंय आणि वर नमस्कार ठोकलाय. याउलट एखादा ना हाय ना हॅलो, नुसतं ‘मागच्या व्हर्जनला होत नव्हतं, या व्हर्जनला होतंय, फाइल जोडलीये’ एवढंच लिहितो आणि मला त्याला बोलावून चहा पाजावासा वाटतो. माझ्या मते व्हर्जन नंबर हीच नम्रता. बाकी काइंडली वगैरे घाला, घालू नका, तुमची मर्जी.

हे डोक्यात बसलं ते नाशिकच्या अंबडमुळे. कॉम्प्युटरच्या कामाकडे वळायच्या आधी मी अंबड एमआयडीसीत एका कारखान्यात मेंटेनन्सला होतो आणि तिथे ब्रेकडाउन स्लिप असायची. सीएनसी (कॉम्प्युटरच्या हुकमावर चालणारं) मशीन बंद पडलं की ऑपरेटरने स्लिप भरायची, आम्ही ती घेऊन पळायचं. बहुतेक स्लिपांवर मजकूर एकच, ‘मशीन बंद’. अरे बंद आहे म्हणूनच तर स्लिप आलीये ना! जाऊन विचारलं ‘अलार्म नंबर काय होता?’ की ठरलेलं उत्तर, ‘काहीतरी लाल आलं होतं भाऊ, रिसेट मारला.’ की बसा मग कंट्रोलरची अलार्म हिस्टरी उकरत. पण एक ऑपरेटर होता, सिन्नरकडचा, दहावी झालेला, त्याच्या स्लिपा बघण्यासारख्या असायच्या. एकदा त्याने लिहिलं होतं: सकाळी येत नाही, जेवणानंतर जॉब लागोपाठ चालले की येतो, पॅनलचं दार उघडं ठेवलं तर येत नाही. खाली अलार्मचा नंबर, कुठल्या ॲक्सिसला आला ते. बस्स. टूलबॉक्स उघडायच्या आधीच कळलं की पॅनलचा कूलिंग फॅन गेलाय. त्याला मशीनच्या सर्वो मोटरमधलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि निदान त्याने केलंच नव्हतं. कधी होतं आणि कधी होत नाही, एवढंच त्याने नीट बघितलं होतं. यातलं ‘कधी होत नाही’ लोक हमखास गाळतात. सॉफ्टवेअरवालेही. एरर आली की वाचायच्या आधी बॉक्स बंद, मग आम्हाला सांगणार ‘काहीतरी एरर आली होती’.

तर आमचे सर. मराठी शिकवून रिटायर झालेले, इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवर रोज भेटतात, सोसायटीचे खजिनदार. मुलाने जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकून दिलंय आणि त्यावर फुकटचं ऑफिस सॉफ्टवेअर (नाव नको), सोसायटीचे सगळे कागद सर त्यातच करतात. गणपतीचा जमाखर्च त्यांनी पीडीएफ करून ग्रुपवर टाकला आणि खर्चाच्या बाजूला, महाप्रसादाच्या खाली, ‘आचाऱ्यांना मानधन’ च्या जागी उमटलं ‘आचार्यांना मानधन’. झालं, ग्रुप सुरू. कोण आचार्य आले होते, प्रवचन कधी झालं, बी विंगला का नाही कळवलं. मराठीच्या सरांच्या सहीखाली ही चूक म्हटल्यावर सर फणफणतच माझ्याकडे आले.

‘अरे मुद्दाम करतात हे. हिंदीला ऱ्य लागतच नाही, मग आपली फिकीर कशाला कोण करेल!’

‘सर, तुमच्या स्क्रीनवर कसं दिसतंय?’

‘स्क्रीनवर बरोबर आहे रे. पीडीएफमध्ये शेण खातंय.’

रागात बोलले, पण अर्धा बग रिपोर्ट त्या एका वाक्यात झाला होता. स्क्रीनवर बरोबर, पीडीएफमध्ये चूक. म्हणजे फाइल ठीक, फॉन्ट बहुधा ठीक, गडबड पीडीएफ बनवताना.

मसुदा त्यांनी आणलाच होता, कागदावर, अर्जाच्या नमुन्यात. प्रति, मा. व्यवस्थापक. विषय: मराठी भाषेवरील अन्यायाबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून... आणि पुढे ज्ञानेश्वरांपासून ते २०२४ ला मिळालेल्या अभिजात दर्जापर्यंत पानभर सगळं. अक्षर मोत्यासारखं. व्हर्जन नंबर कुठेही नाही.

मी म्हटलं सर, तिकडे व्यवस्थापक वगैरे कोणी नाहीये. जो हे वाचेल तो जर्मनीत नाहीतर ब्राझीलमध्ये कुठेतरी रात्रीचं जेवण आटपून लॅपटॉप उघडून बसलेला असेल आणि त्याला देवनागरीतलं एक अक्षर वाचता येत नसेल. सर गप्प झाले. हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. आपल्याला आचारी आणि आचार्य यात जमीन-अस्मानाचा फरक दिसतो, त्या माणसाला दोन्ही सारखीच नक्षी. ‘मराठी चुकीचं दिसतंय’ हे वाचून तो बिचारा काय बघणार आणि कशाशी ताडून बघणार? त्याला बरोबर कसं दिसतं तेही दाखवायला लागतं, चुकलेलं कसं दिसतं तेही, आणि दोन्हीत फरक नेमका कुठे तेही.

मग आम्ही बसलो. आणि बसल्या बसल्या सरांनाच दिसलं की त्याच पत्रकात खाली ‘पायऱ्यांची दुरुस्ती’ आहे आणि ते पीडीएफमध्येही व्यवस्थित उमटलंय! तोच ऱ्य, एक मोडतो, एक मोडत नाही. ती ओळ कुणी टाइप केली म्हणून विचारलं तर ती सेक्रेटरींकडून आलेली, सरांनी नुसती पेस्ट केलेली. म्हणजे कीबोर्ड वेगळा.

इथे थोडं आत शिरायला लागतं. मराठीतला हा आडवा अर्धा र कॉम्प्युटरमध्ये दोन वाटांनी येतो. एक, नुक्तावाला ऱ, युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरसाठी अक्षरांना ठरवून दिलेल्या नंबरांच्या यादीत, त्याला स्वतःचा नंबर आहे, ०९३१, इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट धरून ‘जे’ दाबलं की येतो. त्याला हलन्त लावायचा, पुढे य. दुसरी वाट म्हणजे साधा र, हलन्त, मग झिरो विड्थ जॉइनर नावाचं एक न दिसणारं कॅरेक्टर, मग य. हा जॉइनर मध्ये असतो म्हणून र चा रफार होऊन तो य च्या डोक्यावर चढत नाही. जॉइनर गळाला की दऱ्यांचा दर्या झालाच. सरांचा फोनेटिक कीबोर्ड दुसऱ्या वाटेचा, सेक्रेटरींचा पहिल्या. पीडीएफ बनवताना ते सॉफ्टवेअर न दिसणारी कॅरेक्टरं बिनकामाची समजून टाकून देत असणार, असा माझा अंदाज. रिपोर्टमध्ये तो अंदाज म्हणूनच लिहिला, एकदम शेवटी, वेगळ्या ओळीत. ऑपरेटरने फॅन गेलाय असं छातीठोक लिहिलं असतं आणि निघाली असती वायर, तर आम्ही अर्धी शिफ्ट फॅन खोलत बसलो असतो.

दोन ओळींची नवी फाइल केली. पहिल्या ओळीत पहिल्या वाटेने ‘दऱ्या’, दुसरीत दुसऱ्या वाटेने तेच, शेजारी दोन्हीचे युनिकोड नंबर. स्क्रीनचं चित्र, पीडीएफचं चित्र, मोडलेल्या जागी लाल गोल. फॉन्ट बदलून बघितला, तरी तेच. सरांना मूळ जमाखर्चच जोडायचा होता, खरा पुरावा म्हणून, पण त्यात थकबाकीदारांची नावं, फ्लॅट, मोबाइल नंबर, आणि बगला जोडलेली फाइल जगात कोणालाही उघडता येते, आज नाही तर पाच वर्षांनीही. थकबाकीदारांची नावं ब्राझीलपर्यंत गेली तर बरंच होईल, असं सरांना क्षणभर वाटून गेलं हे मात्र खरं.

आधी कुणी हेच नोंदवलंय का तेही शोधलं. जवळपास जाणारा एक जुना रिपोर्ट होता, पण तो स्क्रीनबद्दल, म्हणून त्याचा नंबर देऊन ‘हे वेगळं वाटतंय, कारण इथे स्क्रीनवर ठीक आहे’ असं लिहिलं. लोक इथे कंटाळा करतात आणि एकाच बगची चार पिल्लं होतात, मग चारही एकत्र बांधत बसायचं काम परत आमच्याकडे.

मथळ्यावरून मात्र वाद झाला. सरांचा ‘मराठी भाषेवरील अन्यायाबाबत’, माझा ‘पीडीएफ एक्सपोर्टमध्ये झिरो विड्थ जॉइनर गळतो, देवनागरी र्‍य चा र्य होतो’. सर म्हणाले रुक्ष आहे. असू दे ना. अर्जात विषय लिहायची आपली सवय मुळात फार चांगली, फक्त तिथे विषयच लिहावा, भावना नको. उद्या नेपाळमधला कोणी हाच प्रॉब्लेम शोधायला आला तर तो ‘जॉइनर’ टाकून शोधेल, ‘अन्याय’ टाकून कशाला शोधेल?

भाषा इंग्रजी, पण छोटी छोटी वाक्यं. हे केलं. हे झालं. हे व्हायला हवं होतं. बगझिला हे बग नोंदवायचं सॉफ्टवेअर १९९८ पासून आहे आणि अजूनही बऱ्याच ठिकाणी फॉर्म उघडला की याच तीन गोष्टी विचारतात, यापलीकडे साहित्य लागत नाही. इंग्रजी कच्चं असलं तरी चालतं, वाचणाऱ्याचंही बऱ्याचदा कच्चंच असतं. आणि व्हर्जनचा एवढा घोषा का, तर ‘अमुकपर्यंत ठीक होतं, तमुकपासून बिघडलं’ हे कळलं की मधल्या बदलांचे अर्धे अर्धे भाग करत जाता येतं. कोडमधले बदल नोंदून ठेवणाऱ्या गिटमध्ये त्यासाठी बायसेक्ट नावाची सोयच आहे. मध्ये हजार बदल असले तरी दहाएक फेऱ्यांत दोषी बदल सापडतो. तुमचा एक आकडा, त्यांचे दोन दिवस. फायरफॉक्सला तर ॲड्रेस बारमध्ये ‘अबाउट:सपोर्ट’ टाकलं की सगळी माहिती एका बटणाने कॉपी होते, टाइप करायचेही कष्ट नाहीत.

सरांचा राग खोटा होता असं मी म्हणत नाही. चारचौघांत हसं झालं की कोणालाही राग येतो. फुकट वापरताय ना, मग बोलू नका, ही भूमिकाही मला पटत नाही. जीपीएल लायसन्स घ्या, एमआयटी लायसन्स घ्या, त्यात लिहिलेलंच असतं की जसं आहे तसं घ्या, हमी कसलीच नाही, ते कायद्याने ठीकच. पण नीट लिहिलेला रिपोर्ट म्हणजे भीक नाही, ते काम आहे, सरांनी संध्याकाळ घातली त्यात. वैताग येतो तो दुसऱ्याच गोष्टींचा. २०१६ च्या जानेवारीत बऱ्याच मोठ्या प्रोजेक्टांच्या सांभाळणाऱ्यांनी मिळून गिटहबला (असे प्रोजेक्ट जिथे ठेवतात ती वेबसाइट) जाहीर पत्र लिहिलं होतं, त्यात रडगाणं हेच होतं की लोक कामाची माहिती न देता रिपोर्ट टाकतात आणि खाली नुसते ‘प्लस वन, प्लस वन’ (म्हणजे ‘मलाही, मलाही’) लिहून सगळ्यांच्या मेलबॉक्स भरतात. गिटहबने मग फेब्रुवारीत रिपोर्टसाठी नमुना ठेवायची सोय दिली आणि मार्चमध्ये तो अंगठा दाखवायचा पर्याय आला. आज आपण सहज अंगठा दाबतो त्यामागे कोणाचा तरी भरलेला मेलबॉक्स आहे.

आणि नुसत्या गोड भाषेवर का जाऊ नये यासाठी मी लोकांना एक्सझेड प्रकरण सांगतो. एक्सझेड म्हणजे फाइल दाबून लहान करणारं छोटंसं सॉफ्टवेअर, जवळपास प्रत्येक लिनक्समध्ये असतं, आणि वर्षानुवर्षं ते सांभाळत होता फिनलंडचा लासे कॉलिन, एकटा, बिनपगारी. २०२२ मध्ये काही नावं त्याच्या मागे लागली. पॅच (लोकांनी पाठवलेल्या दुरुस्त्या) कधी घेणार, एवढा उशीर का, जमत नसेल तर दुसऱ्याकडे द्या. त्याने उत्तर दिलं की माझी मानसिक तब्येत बरेच दिवस ठीक नाहीये आणि हा बिनपगारी छंद आहे हेही ध्यानात असू द्या. टोचणी काही थांबली नाही. त्याच सुमारास जिया टॅन नावाने एक मदतनीस तिथे राबत होता, कामसू, मवाळ, कधी आवाज चढवला नाही. हळूहळू किल्ल्या त्याच्याकडे गेल्या. ५.६.० आणि ५.६.१ या व्हर्जनमध्ये चोरदरवाजा बसवला तो याच नावाने. ती टोचणारी नावं नंतर कुठेच सापडली नाहीत, तीही त्याच डावातली होती असं बहुतेकांचं मत आहे. म्हणजे उद्धट आणि सभ्य दोघं मिळून एका थकलेल्या माणसाला घेरत होते.

पकडलं कोणी, तर आंद्रेस फ्रॉइंडने. पोस्टग्रेस डेटाबेसचा माणूस, नोकरी मायक्रोसॉफ्टमध्ये. एसएसएच लॉगिनला, म्हणजे दूरच्या कॉम्प्युटरमध्ये शिरायला (चोरदरवाजा याच वाटेवर होता), अर्धा सेकंद जास्त लागतोय एवढंच त्याला खटकलं. आपण अर्धा सेकंद म्हटल्यावर काय केलं असतं, नेट स्लो आहे म्हणून सोडलं असतं. डेबियन या लिनक्सच्या सुरक्षा टीमला आधी खाजगीत कळवून त्याने २९ मार्च २०२४ ला जे जाहीर लिहिलं ते कधी तरी मिळवून वाचा. आधी ०.२९९ सेकंद, नंतर ०.८०७ सेकंद. कुठल्या व्हर्जनला. कुठल्या अटी असतील तरच घडतं आणि कधी घडत नाही. मी सिक्युरिटीतला माणूस नाही, हेही त्यातच. मला तर ते वाचताना सिन्नरवाला आठवला.

एआयने यात नवीन भर घातलीये. कर्ल हे इंटरनेटवरून फाइली आणणारं टूल, ते सांभाळणारा स्वीडनचा डॅनियल स्टेनबर्ग गेली काही वर्षं वैतागलाय, कारण सुरक्षेतली चूक दाखवणाऱ्याला २०१९ पासून बक्षीस होतं आणि त्या बक्षिसापायी लोक एआयकडून रिपोर्ट लिहून घेऊन पाठवायला लागले. इंग्रजी लोण्यासारखं, मुद्देसूद, आदबशीर, आणि आत ज्या फंक्शनचा उल्लेख ते कोडमध्ये अस्तित्वातच नाही. शेवटी २०२६ च्या जानेवारीअखेर बक्षीस बंद. परवा सरांच्या मुलाने सुचवलंच, पप्पा, चॅटबॉटकडून लिहून घ्या. भाषांतराला घ्या खुशाल, मी म्हटलं, पण पीडीएफ उघडून र बघायचाय तो तुम्हालाच.

रिपोर्टवर काही दिवसांनी प्रश्न आला: ऱ्ह लाही असंच होतं का? माहिती मिळेपर्यंत पुढचं काम अडलेलं. अशा प्रश्नांना उत्तरच देत नाहीत लोक, आणि मग रिपोर्ट तसाच पडून पडून बंद होतो आणि म्हणतात आमचं कोणी ऐकत नाही. सरांनी मात्र त्याच रात्री फाइल केली. मी दोन शब्द सांगितले होते, सरांनी कुऱ्हाड, तऱ्हा, बिऱ्हाड, वऱ्हाड, चऱ्हाट, गऱ्हाणं सगळं घातलं, दोन्ही वाटांनी, दोन रकान्यांत. व्याकरणाच्या मास्तरांना विचारल्यावर दुसरं काय होणार. दुसऱ्या वाटेचा अख्खा रकाना मोडलेला निघाला. दुसऱ्या दिवशी खाली कोणीतरी दोन शब्द लिहिले, माझ्याकडेही होतंय, आणि बगवर खरा असल्याची खूण लागली.

दुरुस्त अजून झालेला नाही. सर ट्रॅकवर रोज विचारतात ‘झालं का रे?’ आणि मला रोज सांगावं लागतं की तिथे जाऊन ‘काय झालं’ लिहू नका, जेवढे लोक त्या बगला जोडलेत सगळ्यांना मेल जाते. नवीन व्हर्जन आलं की त्यावर तपासा, आणि अजून होतंय की थांबलं ते लिहा, ते चालतं. तोवर सरांनी शिफ्ट-जे शिकून घेतलंय.

आता त्यांना दुसरा बग सापडलाय. युनिकोडने ‘ॲ’ ला २००८ मध्ये, ५.१ आवृत्तीत, स्वतंत्र नंबर दिला, पण लोक अजून अ वर चंद्र देऊनही तो लिहितात. दिसतात दोन्ही सारखे, आणि एक टाकून शोधलं की दुसरा सापडत नाही. सोसायटीच्या कागदांत ‘ॲडव्हान्स’ भरलेले निम्मे लोक त्यामुळे गायब. मसुदा काल आला. व्हर्जन पहिल्या ओळीत, दोन ओळींची चाचणी फाइल, स्क्रीनची चित्रं, लाल गोल, सगळं जिथल्या तिथे. शेवटी एक ओळ आहे, ‘मराठीकडे जाणीवपूर्वक दुर्लक्ष होत असल्याची तीव्र भावना आहे.’ ती मी काढणारे. सरांना अजून सांगितलेलं नाही.